वत्सलाबाईंची कोरडी नाव

आमच्या वत्सलाबाई मूळच्या सिन्नरच्या. अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की पंचवटीत हाक मारली तर पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघेल! मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या, नि मी तिथली झाडलोट करणारी मावशी. छत्तीस साली त्यांच्या डोक्यात आलं, मुलींनी गोदावरीत, म्हणजे आमच्या गंगेत, नाव वल्हवायची. शाळेचे पंच खंडेराव म्हणाले, "गंगेवर? चारचौघांत? व्यायाम काय तो दाराआड करा."

"बरं," बाई म्हणाल्या. एवढं पटकन ऐकलं, तेव्हाच मला शंका आली हो!

फकिरा सुताराकडून त्यांनी चार यंत्रं करवून घेतली. यंत्र कसलं, रुळांवर सरकणारा पाट! पाय पट्ट्याने बांधायचे, दांडा ओढायचा, की कप्पीवरच्या दोरीने वाळूची पिशवी वर. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. चारही पिशव्या एकदम आपटल्या पाहिजेत. एक जरी मागून 'धप' झाली, की बाई ओरडायच्या, "सुरय्या, झोपलीस का गं? नाव गिरकी घेईल!" मीही एकदा बसले. पिशवी हलली नाही, पाटच कुरकुरला. हसू नका.

पावसाळा सरला नि बाई मुलींना घेऊन थेट आनंदवलीला, कोंडाजी नावाड्याच्या नावेत. खंडेरावांनी बजावलं होतं, पाण्यात गेलात तर नोकरी गेली. मी हात धरला, तर म्हणाल्या, "मावशी, मुलींनी जन्मभर वाळूच उचलायची का? चला, तुम्हीही बसा. नाव डुलायची नाही."

पण फजिती झाली. तालमीत दांडा नुसता मागं-पुढं. इथं दर खेपेला वल्हं पाण्यातून उचलावं लागतं, हे कुणाच्या हातांना ठाऊकच नव्हतं. वल्ही अडकली, सुरय्या उताणी, आम्ही सगळ्या चिंब. काठावर हशा. खंडेराव धावत आले.

"झाली हौस? बाहेर या! नाहीतर उद्यापासून शाळेत पाऊल टाकू नका!"

"नाही टाकत," सुकाणूवरून बाई गरजल्या. "मुलींनो, शिकवताना मीच चुकले. ओढा, दांडा दाबा, वल्हं वर. पुन्हा!"

"बाई, ते पाण्यात उतरतायत!" सुरय्या किंचाळली.

"उतरू देत. धोतर भिजेल. ओढा!"

वल्हवणारीचं तोंड मागं असतं, त्यामुळे मुलींना खंडेराव अगदी समोर दिसत होते. आधी गुडघाभर पाण्यात हात नाचवणारे, मग बोटाएवढे. हसू आलं की ताल चुकायचा, पुन्हा जुळायचा. बाईंनी मात्र एकदाही वळून पाहिलं नाही. त्यांना नाव पुढं न्यायची होती.