तांदळात न लिहिलेलं नाव

सुमे,

सहार एअरपोर्टवरचं तुला आठवतं? एक्याऐंशी साल. कठड्यापलीकडे तू आणि आई, इकडे सहा वर्षांचा निखिल माझा पदर धरून. आईने "वेणे!" अशी हाक मारली, तर हे म्हणाले, "आई, आता अनुराधा म्हणा. पासपोर्टवर तेच आहे." जावयाचा शब्द. आईने डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा मला अनुराधा म्हणाली. असा संताप आला होता ह्यांचा.

इथे लंडनच्या एजवेअरमध्ये अठरा वर्षं गेली. हे हॉस्पिटलात, मी लायब्ररीत पार्टटाइम. निखिल यंदा नॉर्वेची मुलगी घेऊन आला, इंग्रिड. गोड पोर आहे, आमटी वाटीने ओरपते. लग्न ठरलं, तशी ह्यांना रीत आठवली. ताटात तांदूळ पसरायचे आणि निखिलने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. नावसुद्धा ह्यांनीच काढून ठेवलेलं, इंदिरा.

परवा जेवताना ह्यांनी तिला ही रीत सांगितली. ती म्हणाली, इंग हा आमच्याकडचा फार जुना देव, पाऊसपाणी आणि पीक देणारा. पुढच्या अक्षरांचा अर्थ सुंदर. हे माझ्या आजीचं नाव. मग हसून, पण स्पष्ट म्हणाली, "मला माझंच नाव राहू दे."

"ऑफ कोर्स, ऑफ कोर्स," हे म्हणाले. झालं, संपलं!

माझ्या वेळी कुणी विचारलं होतं का गं? सासूबाई म्हणाल्या होत्या, वेणू काय, गोठ्यातल्या गाईचं नाव वाटतं. सगळे हसले. तूसुद्धा.

न राहवून मी म्हटलं, माझंही बदललं होतं. निखिल आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, तुझा नाव दुसरा होता?" चोवीस वर्षांचा घोडा, आणि त्याला पत्ताच नाही. हे म्हणाले, जुनं कशाला उगाळतेस, आमटी निवतेय.

आई गेली. आता वेणूताई म्हणणारी तू एकटीच उरलीस, आणि तूही पत्रात 'प्रिय अनुराधाताई' लिहितेस.

परत ये म्हणतेस. कुठे येऊ? आपलं नाव जिथे उंबऱ्याबाहेर टाकून यावं लागत नाही, ते घर, एवढंच मला आता कळतं. इंग्रिडला ते माझ्याच स्वैपाकघरात मिळालं. मला ना तिथे मिळालं, ना इथे.