दाजींची तेलाची कुपी

माझ्या घरमालकीणबाईंचे दाजी नसते, तर आज मी दोन पायांवर उभी राहून हे लिहीत नसते. उभी राहून लिहीत नाही, बसूनच लिहितेय; पण दाजींचं नाव सगळ्यांत आधी यायला हवं, म्हणून वाक्य असं झालं. दाजी म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाई दाजी म्हणतात म्हणून आम्ही भाडेकरू म्हणतो, आणि आम्ही म्हणतो म्हणून अख्खं पुंडलिकनगर म्हणतं. त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर छत्रपती संभाजीनगरातलं एकही दुखणं असं नसेल, जे या माणसानं ठणठणीत तब्येतीत भोगलेलं नाही.

त्याचं असं, की दाजींचं एक बंधुमंडळ आहे. नोकरदार, दुकानदार, रिटायर झालेले असे बरेच पुरुष त्यात आहेत आणि सभासदांनी एकमेकांना 'बंधू'च म्हणायचं, असा त्यांच्या घटनेत नियम आहे. दाजींचा सख्खा मुलगाही सभासद. सभा संपली की ते त्याला हात जोडून म्हणतात, "बंधू, तुमच्या मातोश्रींना कळवा, आज आम्हाला उशीर होईल." हे मंडळ आजाऱ्यांना लागणारं सामान फुकट वापरायला देतं: खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, काठ्या. सामान राहतं दाजींच्या गॅरेजात, कारण गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही. आणि स्वतः वापरून पाहिल्याशिवाय एकही वस्तू ते दाराबाहेर जाऊ देत नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून भाजी आणतात. मानेचा पट्टा तर त्यांनी भाच्याच्या लग्नात घातला, तेव्हा सगळं वऱ्हाड नवरदेवाला सोडून यांचीच विचारपूस करत होतं. "जेवताना ताट दिसत नाय, लई उंच हाय," एवढा शेरा देऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी पट्टा बदलून आणला. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आली, तेव्हा तीन दिवस तिच्यावर झोपले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मोठ्या ताई, गल्लीत सांगत होत्या, "माणूस माझा चांगला धडधाकट, पण घरात शिरलं की वॉर्डात आल्यासारखं वाटतं गं बाई!"

मंडळाचा आणखी एक नियम दाजींचा स्वतःचा. वस्तू गॅरेजात परत आणायची नाही. जो बरा होईल त्यानं ती पुढच्या माणसाच्या घरी स्वतः घेऊन जायची आणि कशी वापरायची ते शिकवून यायचं. "दुकानदार शिकवील की," असं कुणी म्हटलं की दाजी म्हणतात, "त्याला काय कळतंय? त्याचं कुठं दुखलंय!"

माझं दुखलं ते असं. मी इथली नव्हे, गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर येऊन पोचले. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते, जिन्यात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. सळई घातली. डॉक्टर म्हणाले, आता वॉकर घ्या आणि चाला. आमच्या सुपरवायझरनं दिवाळीपर्यंत जागा राखायचं कबूल केलं. पण काम दिवसभर उभं राहण्याचं. उभं राहता आलं नाही, तर बोजा उचलून गावी जायचं आणि म्हाताऱ्या आईच्या गळ्यात पडायचं. तिला मी पडल्याचं सांगितलंही नव्हतं. फोनवर रोज म्हणत होते, "हो माय, कामावरच आहे."

वॉकर घेऊन आले ते सलीमचाचा, जुन्या शहरातले शिंपी. त्यांचा पाय आदल्याच आठवड्यात बरा झाला होता. वॉकरच्या दोन्ही मुठींना त्यांनी शेरवानीच्या उरलेल्या जरीकापडाच्या गाद्या शिवल्या होत्या. खोलीत चालून दाखवत म्हणाले, "पैले इसकू आगे डालो, फिर दुखता पाँव, फिर अच्छा. डरना नक्को बेटी, ये गिरता नै." मी मान डोलावली. ते गेल्यावर वॉकर भिंतीशी उभा राहिला आणि मी खाटेवर आडवी. हाड पुन्हा मोडलं तर? सळई सरकली तर? तीन आठवडे त्या जरीच्या मुठींवर माझे टॉवेल वाळले.

त्यातच बाईंनी एक गोष्ट सांगितली. आजारी माणूस गेलं, तर त्या घरच्यांना दाजी वस्तू पोचवायला लावत नाहीत. स्वतः जातात. हातात शिलाई मशीनला घालतात तसली तेलाची कुपी असते. दारात उभं राहून एवढंच म्हणतात, "जरा कुरकुरतंय म्हणं, दुरुस्तीला नेतो." म्हणजे घरच्यांना काही बोलावं लागत नाही. "दाजी कुपी घेऊन दारात आले की समजायचं, आटोपलं," बाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. 

आणि एका दुपारी दाजी माझ्या दारात उभे. हातात कुपी. त्यांनी वॉकरवरचा टॉवेल उचलून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "जरा कुरकुरतंय म्हणं. दुरुस्तीला नेतो."

"अहो दाजी, मी मेली नाही अजून!" मी ओरडले.

"व्हय का? मग चालल्याचा आवाज कसा येत नाय खाली बाईंना?"

त्यांनी वॉकर उचलायला हात घातला. मी खाटेवरूनच त्याच्या मुठी पकडल्या. ते म्हणत होते "सोडा", मी म्हणत होते "नाही देत", आणि या झोंबाझोंबीत मी उभी कधी राहिले ते मलाच कळलं नाही. दाजी हात सोडून एकेक पाऊल मागे सरकत दाराकडं गेले. मी रागानं त्यांच्या मागे. आधी वॉकर, मग दुखता पाय, मग चांगला.

"सहा पावलं," दाजी म्हणाले आणि मटकन उंबऱ्यावरच बसले. चालले मी, घाम फुटला होता त्यांना. "पडला असता तर तुमच्या ताईंनी मला घरात घेतलं नसतं. पाणी द्या कुणीतरी." पाणी आणायला खोलीत दुसरं होतं कोण? माठापर्यंत आणखी चार पावलं झाली.

जाताना कुपी उंबऱ्यातच विसरले. खिडकीची कडी आवळली होती म्हणून मी तिच्यावर कुपी दाबून पाहिली. थेंब नाही. आतून कोरडी ठाक, नळीच्या तोंडाशी गंज. नंतर त्यांना विचारलं, तेल नाही तर ही नेता कशाला? कुपी खिशात घालत ते म्हणाले, "तशा घरात रिकाम्या हातानं कसं जायचं?"

दिवाळीच्या आधी मी लाइनवर उभी होते. आईला सगळं सांगितलं; ती आधी रडली, मग आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. वॉकर मी बसनं फुलंब्रीला नेला, एका आजींकडं. त्यांच्या डोळ्यांत माझीच भीती होती. त्यांना चालून दाखवलं, दुखता पाय आधी की चांगला ते तीनदा सांगितलं आणि जरीच्या मुठींखाली मी शिवलेली पिशवी बांधून दिली, मोबाइल ठेवायला. परत आले तर दाजींनी मला मंडळात घेतलं. मी म्हटलं, मी बाईमाणूस. ते म्हणाले, "घटनेत भगिनीची सोय नाय. तुम्ही बंधूच."

हल्ली एक गोष्ट माझ्या लक्षात येते. दाजींची चाचणी लांबायला लागलीय. काठी तपासायला घेतात आणि महिना महिना तपासतच राहतात. जिन्याशी आले की ती काठी हळूच उजव्या हातातून डाव्या हातात जाते आणि उजवा हात कठड्यावर येतो. "हिची मूठ बरोबर नाय अजून," म्हणतात. 

त्यांना वॉकर लागेल तेव्हा तो मी घेऊन जाणार, हे मी मंडळात सांगून ठेवलंय. ते शिकवू देणार नाहीत, तरी मी शिकवीन. आणि त्यानंतरचं एक मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथंच लिहिते. त्या घरून वस्तू आणायची वेळ आली, देवानं ती लई उशिरा आणावी, तर दुसऱ्या कुणी जायचं नाही. मी जाईन. कुपी घेऊन ताईंच्या दारात उभी राहीन आणि म्हणेन, जरा कुरकुरतंय म्हणं, दुरुस्तीला नेते. ती रिकामी असते हे ताईंना माझ्याही आधीपासून ठाऊक आहे. तरी मी ती घेऊनच जाईन, दाजी.