मागे सरकलेली आकृती

महाडात सांगतात की आमच्या छायाचित्रकाराची जुनी लेन्स पुरात बिघडली, म्हणून त्याच्या फोटोंत मागचे सारे विरघळते. साफ खोटे! मागचे धूसर व्हावे म्हणून लेन्सची कडी तो स्वतः फिरवतो, श्वास रोखून, मुद्दाम.

दासगावला सावित्रीकाठी त्याने माझा फोटो काढला, तेव्हा "माझा कशाला मेला फोटो?" म्हणत पत्नी मागे सरकली आणि फोटोत धूसर आली. पुढे ती वारली; तिचा दुसरा फोटो नाही.

मी तोच फोटो त्याच्याकडे नेला. "संगणकावर हिचा चेहरा स्पष्ट कर."

त्याने फोटो पडद्यावर मोठा केला. "चेहरा येईल काका, पण संगणकानं मनानं रचलेला; तो काकींचा नसंल."

लोक म्हणतात, त्याला जमले नाही. मी म्हणतो, त्याने केले नाही. त्या धूसर आकृतीतला पदर सावरणारा हात अजून तिचाच आहे.