बावीस दुरुस्त्या

बुलढाण्याच्या एका कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर आला होता. निकाल लावणारा प्रोग्राम लिहायचं काम मला मिळालं. पुण्याहून कोर्स करून परतलेली मी तेव्हा तेवीस वर्षांची. सगळा प्रोग्राम एकदम लिहून आणायचा नाही, हे मी ठरवलं होतं. आधी नुसते मार्क भरणं, मग बेरीज, मग पास-नापास. दर शनिवारी झालेला तुकडा परीक्षा विभागाच्या बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, दाखवायचा, त्यांनी चूक काढायची, मी सुधारायची.

बाबूंची सारी नोकरी निकाल लावण्यात गेलेली. पहिल्याच शनिवारी म्हणाले, "बाई, हा पोरगा तीन मार्कांनं नापास दाखवून राह्यली तुही मशीन. ग्रेस कोन देईन?"

मी ग्रेस मार्क घातले. पुढच्या शनिवारी आजारपणात एकच पेपर बुडालेली मुलगी निघाली. मग एकाच नावाचे दोघं. बाबू सगळं वहीत टिपून ठेवायचे. मला वाटायचं, माझ्यासाठीच. घरून भाकरी-ठेचाही आणायचे. मी त्यांना काका म्हणू लागले.

प्राचार्यांसमोर प्रोग्राम बिनचूक चालला. त्यांनी काकांना मत विचारलं.

काकांनी वही उघडली. "साहेब, बावीस चुका सापडल्या," आणि तारखेनिशी एकेक वाचू लागले.

"त्या सगळ्या सुधारल्यात, काका! तुम्हीच तपासल्यात ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पोरांच्या निकालाचा मामला हाये, साहेब. तेविसावी कधी निघन, कोनाले मालूम?"

काम तिथंच बंद झालं. व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "काऊन केलं असं?"

"मशीन चालू झाली का माह्या सेक्शनचे दोघं घरी बसनार होते. मले पयलेच मालूम होतं."

"मग पहिल्याच दिवशी मला सांगायचं!"

"सांगतलं असतं त तू थांबली असती?"

मी तशीच पायऱ्या उतरले. घरी जाऊन मात्र खूप रडले. त्यांनी आणलेला प्रत्येक घास आठवून आठवून रडले.

पुढे जळगाव जामोदच्या एका शाळेनं तोच प्रोग्राम घेतला. पहिलाच निकाल वेळेवर, एकही चूक न होता लागला. हेडमास्तर म्हणाले, "एवढे बारकावे सुचले कसे तुम्हाला?"

"करता करता सुचले," मी म्हटलं. काकांचा उल्लेख मी केला नाही.