धुऊन टाकलेली शाई

जिन्याखालच्या बोळकांडीएवढ्या दुकानात निबकाका पेनं दुरुस्त करत. माणूस सरळ, हात चांगला, खोड एकच. नवी शाई आली की ती चालवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तीही स्वतःच्या पेनात नाही, दुरुस्तीला आलेल्या एखाद्या उंची पेनात. "धुतलं की झालं, कुणाला कळतंय?" असं ते शेजारच्या घड्याळवाल्याला सांगत.

त्या दिवशी हिरव्या शाईची बाटली आली. टेबलावर एका बाईंचं काळं पेन होतं. "तेवढी टोपणाची क्लिप बसवा, बाकी कशाला हात लावू नका," असं त्या बजावून गेल्या होत्या. काकांनी क्लिप बसवली. मग सहज निब कागदाला टेकवली. रुंद, मऊ निब. अशी हल्ली दिसत नाही. मोह आवरेना. आतली निळी शाई बेसिनमध्ये सोडली, निब धुतली, फडक्याला पुसली आणि हिरवी भरली.

काय सुरेख चालली! रेघ फिकी सुरू व्हायची आणि वळणावर गडद व्हायची. काकांनी कागदभर गोल काढले, खाली झोकात सही ठोकली.

"काय हो, कोथिंबीर निवडत होतात का?" त्यांची बोटं बघून घड्याळवाला म्हणाला.

काका हसतायत तोच बाई दारात. त्यांनी क्लिप दाबून पाहिली आणि विचारलं, "आत शाई आहे ना तशीच? शेवटची आमच्या ह्यांनी भरलेली आहे. मी लिहीत नाही त्यानं. नुसतं जपून ठेवलंय."

काकांनी हिरवी बोटं टेबलाखाली नेली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पेन उघडणारच नव्हतं, कळणार कुणाला? आपलंच ते वाक्य त्यांना आठवलं आणि मान हलेना. टेबलाखाली लपवलेले हात त्यांनी वर काढले.

"ताई, नवी शाई आली होती... म्हणून भरून पाहिली. तुमची ओतून टाकली मी."

काकांनी घाईघाईनं फडकं पुढे केलं. "याला निब पुसली होती. थोडी यावर असेल."

फडक्यावर निळे डागच डाग होते.

"यातला कुठला?"

एखाद्या डागावर बोट ठेवलं असतं, तर बाईंनी तेवढा तुकडा कापून नेला असता. काकांनी बोट उचललंही. मग मागे घेतलं.

"नाही सांगता येत."

घड्याळवाल्यानं डोकं घड्याळात खुपसलं.

"मी आत्ता धुऊन देतो. तुमच्यासमोर."

"नको," बाई म्हणाल्या. "आता तरी धुऊ नका."

पेन पर्समध्ये ठेवून त्या गेल्या. समोरच्या कागदावर काकांची ती झोकातली सही तेवढी उरली होती, अजून पुरती न वाळलेली.