लाल पेन्सिलीची रेघ आणि माझं पत्र

सुधाने मागणीची स्लिप लायब्ररीच्या काउंटरवर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, बॉक्स चौदा. मी स्लिपकडे बघतच राहिलो.

"काका, असे काय बघताय? बॉक्स मागतेय, किडनी नाही."

मी हसल्यासारखं केलं. "चौदा नंबर कॉन्झर्व्हेशनला गेलाय." म्हणजे दुरुस्तीला. खरं तर तो माझ्या पाठीमागच्या शेल्फवरच होता.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत आर्काइव्हिस्ट होतो. जुने कागद लावायचे आणि प्रत्येक फोल्डरात काय आहे त्याची एक ओळ यादीत लिहायची, हे आमचं काम. संशोधक आधी यादी बघतो. यादीत ज्याचा पत्ता नाही तो कागद जाळल्यातच जमा.

त्या वर्षी एका ब्रिटिश कलेक्टरचे कागद आमच्याकडे आले. हा साहेब शंभर वर्षांपूर्वी दख्खनमधल्या एका जिल्ह्यावर होता. रस्ते, शाळा, विहिरी लोकांनी निवडलेल्या बोर्डाने बघाव्यात, ही योजना त्याच्या नावावर. हिंदी माणसाला मत द्यायला शिकवणारा इंग्रज, अशी त्याची ख्याती. कागद दिले होते त्याच्या नातीने, मिसेस हॉलनी. दोन वर्षांनी त्यांवर एक्झिबिशन भरणार होतं.

मोडी वाचणारा तिथे मी एकटा. वडील तहसील कचेरीत कारकून, त्यांनी शिकवलेली. चौदा नंबरच्या बॉक्समधल्या एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, साहेबाच्या शिरस्तेदाराचा, म्हणजे कचेरीतल्या मुख्य मराठी कारकुनाचा मसुदा निघाला. सगळी योजना त्याची होती. कलमं तीच, क्रमही तोच. फरक एकच. बोर्डाचा अध्यक्ष सभासदांनी निवडावा, असं शिरस्तेदाराने लिहिलं होतं. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ. समासात साहेबाच्या अक्षरात इंग्रजी शेरा: अध्यक्ष कलेक्टरच राहील, बाकीचं माझ्या नावाने पाठवा.

साहेब अगदीच लबाड नव्हता. वरिष्ठांशी भांडून योजना मंजूर करून घेतली ती त्यानेच. ती पत्रंही त्याच कागदांत होती. पण सुधारणा कारकुनाची आणि कात्री साहेबाची, हे प्रदर्शनात कुणाला बघायचं होतं?

माझा बॉस वॉल्टर एवढंच म्हणाला होता, "मिसेस हॉलना हॅपी ठेव." बाकीचं मी मनानेच रचलं. बाई चिडणार, कागद परत नेणार, खापर माझ्यावर फुटणार. माझ्या ग्रीन कार्डाचे फॉर्म वॉल्टरच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. दोन मुलं शाळेत. परत जायचं तर कुठे?

मी यादीत लिहिलं: 'किरकोळ कागद, मोडी, पुसट.' शाई लख्ख होती.

सुधा नागपूरची, इतिहासात पीएचडी करणारी. योजना साहेबाची नव्हेच, असा तिला संशय होता आणि त्यावर तिच्या थीसिसचं एक प्रकरण उभं होतं. तिला मोडी येत नव्हती, पण तो शेरा इंग्रजीत होता. बॉक्स हातात पडला की संपलं. रोज सकाळी रीडिंग रूमचं दार वाजलं की मी आधी पाठीमागच्या शेल्फकडे बघायचो. त्यात ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला.

"काकू, तुमच्या ह्यांना सांगा ना, माझा बॉक्स आणा म्हणावं," ती ताटावरून ओरडायची. मी पाणी प्यायचो.

शेवटी तीच म्हणाली, "काका, जूनमध्ये माझ्या थीसिसचा डिफेन्स आहे. त्या मोडीत काही नाही, असं नुसतं लिहून द्या. गाइडला दाखवते. विषय बंद."

मी लायब्ररीच्या लेटरहेडवर लिहून दिलं. खाली सही केली.

तिने प्रकरण काढून टाकलं, डिग्री घेतली आणि दुसऱ्या राज्यात शिकवायला गेली. माझं ग्रीन कार्ड आलं. भीती मात्र गेली नाही. सुधाच्या जागी दुसरं कुणी चौदा नंबर मागेल, ही. वर्षभराने मी फोल्डर घेऊन वॉल्टरच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

त्याने शेरा वाचला. मग म्हणाला, "तू डीड ऑफ गिफ्ट, देणगीचा करार, वाचला नाहीस? सही झाली की कागद आपले. त्यांना परत नेताच येत नाहीत."

"पण तुम्ही म्हणालात, हॅपी ठेव."

"अरे, गुडघे दुखतात त्यांचे! दाराजवळ पार्किंग दे, असं म्हणत होतो."

मिसेस हॉलना शेरा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. "अक्षर आजोबांचंच," त्या म्हणाल्या. "काचेखाली ठेवा. लोकांना वाचता येईल असं."

सुधाला मी सगळं कळवलं. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. 'काका, प्रकरण का गाळलं, त्याला तुमच्या पत्राचा हवाला माझ्या थीसिसमध्ये छापलेला आहे. तो आता निघत नाही. मसुदा पूर्ण इंग्रजीत उतरवून पाठवा. काकूंना नमस्कार.'

मी उतरवून पाठवला. पुढे तिचा लेख एका जर्नलमध्ये आला. शिरस्तेदाराचं नाव पहिल्याच परिच्छेदात होतं.

यातून शिकलो ते एवढंच. शंभर वर्षांपूर्वीची मोडी मी एका बैठकीत वाचली. टेबलावरचा चार पानी इंग्रजी करार वाचला नाही. ज्याची भीती वाटते तो कागद आधी वाचावा.

लेखात माझंही नाव आहे, तळटीपेत. 'चुकीची माहिती देणारं पत्र', त्यापुढे तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव. सवयीने मी ती टीप तपासून पाहिली. तिच्यात चूक नाही.