रोह्याला जाऊन शिकलेलं इंग्रजी

पेणमध्ये इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही. माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात तीन-चार तरी पाट्या आहेत. तरी मी इंग्रजी शिकायला दर रविवारी गाडी पकडून रोह्याला जात होतो. कारण पेणच्या त्या पाट्यांखाली बसणारी बरीचशी मुलं चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती. मी त्यांच्या शेजारी बसून तोंड उघडलं असतं, तर आपलं इंग्रजी कच्चं का राहिलं हे त्यांना एका दिवसात कळलं असतं.

पेणजवळच्या खारेपाटातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक आहे. शाळा दोनशिक्षकी. एक मी, दुसऱ्या आमच्या मुख्याध्यापिका. खोल्या दोन, वर्ग चार, मागे खाडीचा बांध. वीसेक वर्षं आमचा पगार नियमित होत राहिल्यावर आम्हाला कळवण्यात आलं, की शिक्षक व्हायची परीक्षा आमची अजून राहिली आहे. ठरलेल्या मुदतीत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. ज्यांची निवृत्ती अगदी तोंडावर आली आहे त्यांना तेवढी सूट. आमच्या बाई त्या सवलतीत थोडक्यासाठी बसत नव्हत्या. जन्मभर वय चोरत आलेल्या बाई त्या दिवशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, माझ्या आईनं शाळेत नाव घालताना दोन वर्षं कमी लावली हो. नाहीतर सुटले असते मी."

परीक्षेत बालमानसशास्त्र होतं, मराठी होतं, गणित, परिसर. ते सगळं जमण्यासारखं होतं. भीती इंग्रजीची. इंग्रजी मला येत नाही असं नाही. मला ते शिकवता येतं, बोलता मात्र येत नाही. माझी पद्धत साधी होती. मी इंग्रजी शब्द म्हणायचा, मुलांनी जोरात 'म्हणजे' म्हणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून मराठी शब्द म्हणायचा. एवढ्या वर्षांत शेकडो मुलं माझ्याबरोबर त्या 'म्हणजे'पर्यंत आली आणि तिथून मराठीत परतली. तपासणीला आलेले साहेब बाहेरून तो गजर ऐकून खूश व्हायचे. मला आत कुठेतरी टोचायचं, पण पगाराच्या दिवशी नाही.

रोह्याला जातो हे बायकोला खरं सांगितलं. शेजाऱ्यांना सांगितलं, रोह्याच्या साडूंची तब्येत बरी नसते. साडू धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतात आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. तीन-चार रविवार झाल्यावर पेणच्या लोकांचे त्यांना चौकशीचे फोन जायला लागले. शेवटी साडूंनी मला फोन केला. "भाऊ, मला नक्की झालंय काय, तेवढं तरी सांगून ठेवा. प्रत्येकाला वेगळा आजार सांगतोय मी."

क्लास बाजारात, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर होता. पहिल्या रविवारी मी जिना चढून वर गेलो, दारात चपला काढल्या आणि आत पाहिलं, तर दुसऱ्या बाकावर ओढणीने अर्धा चेहरा झाकून आमच्या मुख्याध्यापिका बसलेल्या. आदल्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं होतं, की रविवारी फोन करू नका, पारायणाला बसतेय.

"सर! तुम्ही इकडे कुठे?"

"साडूंना बघायला आलो होतो."

"इथे? वर?"

"तुमचं पारायण?"

बाईंनी समोरचं व्याकरणाचं पुस्तक अलगद मिटलं. "हेच," त्या म्हणाल्या.

पुढच्या तासाभरात नागोठण्याचे दोन गुरुजी आले, पालीकडच्या एक बाई आल्या, डोलवीच्या बाजूचं एक जोडपं आलं. प्रत्येक जण दारात आधी आत कोण आहे ते बघायचा आणि मग ओशाळं हसायचा. रोह्यातला मात्र एकही शिक्षक नव्हता. ते पेणला जात असणार.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. रोह्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातली, घरी भात आणि वालाची शेती. ही पात्रता परीक्षा तिने पहिल्या झटक्यात काढली होती, भरतीची परीक्षाही दिली होती आणि यादीत नाव लागायची वाट बघत होती. म्हणजे पात्र होती ती बिनशाळेची आणि शाळा होत्या त्या आम्हा अपात्रांकडे. तिने मात्र कधी आवाज चढवला नाही. ती आम्हाला सर आणि मॅडम म्हणायची, आणि उत्तर चुकलं की मान खाली घालून म्हणायची, "सर, तसं नाय ते."

इंग्रजीत नुसतं व्याकरण नव्हतं. इंग्रजी कसं शिकवावं, याचेही प्रश्न होते, आणि माझी दांडी नेमकी तिथे उडायची. एकदा तिने प्रश्न वाचला. इंग्रजीच्या तासाला मुलाने मातृभाषेत उत्तर दिलं, तर शिक्षक काय करील? गप्प बसवील, बरोबर उत्तर स्वतः फळ्यावर लिहून देईल, सगळ्या वर्गाकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेईल, की मुलाला काय म्हणायचंय ते समजून घेऊन त्याला हळूहळू इंग्रजीकडे नेईल? मी फळ्यावर लिहिण्याला खूण केली. बाईंनी म्हणवून घेण्याला केली. मुलीने दोन्ही कागद पाहिले.

"सर, मॅडम, राग मानू नका. एक युक्ती सांगते. पर्याय वाचलेत, की तुम्ही शाळेत जे करता ते आधी खोडा. उत्तर उरलेल्यात असतं."

वर्ग हसला. मीही हसलो. त्या युक्तीने माझे गुण पुढच्याच चाचणीत वाढले. दर रविवारी मी माझी वीस वर्षं एक-एक करून खोडत होतो आणि मुलगी म्हणत होती, "बघा सर, येतंय की तुम्हाला."

मग एक दिवस नागोठण्याच्या गुरुजींनी चेष्टेत विचारलं, "मॅडम, आम्ही पास झालो तर तुमची जागा कशी निघायची?"

"म्हणून तर फी आधी घेते," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

सगळे हसले, पण मला ते वाक्य चिकटलं. तिचं पोट आमच्या पास होण्यावर आणि तिची नोकरी आमच्या नापास होण्यावर. असा हिशोब डोक्यात घेऊन मी घरी आलो. बायको गणपतीच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. सीझन असला की ती रंगकामाला जाते, तिच्या नखांत तेव्हा पिवळा रंग होता. मी तिला म्हटलं, "मी पास झालो, तर त्या पोरीच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल."

"मग व्हा नापास," ती म्हणाली. "पोरीवर उपकार होतील. मी हाय रंगाला. तुम्ही येऊन मूर्ती उचला. मालकाला हमाल पाहिजेच हायत."

तिथून पुढे मी हा विषय घरात काढला नाही. मनात मात्र तो रोज काढत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडं बरंही वाटायचं. क्रियापदांची रूपं पाठ करण्यापेक्षा अपराधी वाटणं सोपं असतं.

बोलायचा सराव पाहिजे म्हणून बाईंनी आणि मी ठरवलं, की मधल्या सुट्टीत आपण दोघांनी इंग्रजीतच बोलायचं. पहिल्या दिवशी बाईंनी खिचडी कशी आहे असं विचारलं. मी खिचडी चांगली आहे म्हणालो. मग बाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, की आज सोमवार आहे. एवढं होईपर्यंत मैदानातला खेळ थांबला होता आणि सगळी शाळा खिडकीशी उभी होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या.

"बाई, साहेब आलाय काय कोन?"

"नाही मावशी."

"मग भांडतान कशाला?"

आम्ही भांडत नाही, हे त्यांना पटलं नाही. गुरुजी आणि बाई मुलांना कळू नये असं काहीतरी बोलतात, हे मात्र घरोघरी पोचलं. आमच्याकडे पट कमी झालेल्या शाळा बंद होतात, त्या भागात दोन-तीन झाल्याही होत्या. आठवडा उलटायच्या आत शाळा समितीचे अध्यक्ष मिठागरावरून तसेच आले, पायांना वाळलेला चिखल, मागे चार बायका.

"गुरुजी, खरा सांगा. शाला बंद करतान काय?"

"नाही हो. कोणी सांगितलं?"

"मग ह्या इंग्रजीन काय बोलनी चालल्यान?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई हजेरीकडे पाहू लागल्या. पारायण आणि साडू दोन्ही इथे कामाचे नव्हते. मी म्हटलं, "आमची परीक्षा आहे. मास्तरांची. नापास झालो तर नोकरी जाईल."

मग मागची एक बाई दुसरीला म्हणाली, "ऐकलास गो? गुरुजीला पन परीक्षा." आणि त्या अशा हसल्या, की अध्यक्षांनाही हसू आवरेना. मला वाटलं होतं, गावात मान जाईल. गेला तो थोडाच. त्याऐवजी चौकशी सुरू झाली. एसटीच्या थांब्यावर, बांधावर, जो भेटेल तो विचारायचा, "गुरुजी, अभ्यास झाला काय?" मुलांना गृहपाठ द्यायची चोरी झाली. एकाला वही का आणली नाही म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमची दाखवा."

परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. दारात खिसे तपासले, अंगठा घेतला. माझ्या पुढच्या बाकावर बाई होत्या. इंग्रजीचा उतारा एका दीपगृहाच्या राखणदारावर होता. तो मला जवळजवळ सगळा कळला आणि त्याचा इतका आनंद झाला, की मी तो पुन्हा एकदा वाचला आणि त्यात वेळ गेला. शिकवण्याच्या प्रश्नांना मुलीची युक्ती वापरली. हात झरझर चालत होता. एकाही प्रश्नाला मला माझी पद्धत उत्तर म्हणून सापडली नाही.

निकाल लागला. मी काठावर पास झालो. बाई थोडक्यात राहिल्या. मुदत संपायला अजून अवकाश होता, त्यांना पुन्हा बसता येणार होतं, पण त्या दिवशी त्यांनी शाळेत मला पेढा दिला आणि म्हणाल्या, "अभिनंदन सर. आता सही तुमचीच चालेल उद्यापासून." पेढा मी द्यायला हवा होता. मला सुचलं नव्हतं.

त्या रविवारी मी पेढे घेऊन रोह्याला गेलो. क्लास सुटला होता. मुलगी फळा पुसत होती. मी पेढे दिले आणि मग जे महिनोन्‌महिने मनात घोळवलं होतं ते बोललो. माझ्यामुळे तुमची एक जागा अडली, मला त्याचं वाईट वाटतं, असं काहीतरी. तिने ऐकून घेतलं.

"सर, तुमच्या शाळेचा पट किती?"

मी सांगितला.

"मग तुम्ही गेला असता तरी ती जागा भरली नसती. बाईंवरच शाळा चालवली असती, नायतर शेजारच्या शाळेत मिळवली असती. माझं काय जात नव्हतं तुमच्या पास होण्यानं." तिने पेढा तोंडात टाकला. "तुम्ही उगीच त्रास करून घेतलात."

एवढं जपलेलं ओझं असं फुकट गेलं. मी कामाचं विचारलं. आमच्या बाई पुन्हा बसणार आहेत, पुढची बॅच कधी?

"बॅच नाय आता. एक तारखेपासून मी धाटावला लागतेय. कंपनीत, स्टोअरला. जनरल शिफ्ट हाय, बस घरापर्यंत येते."

"आणि भरती?"

"यादी लागली तर बघू." तिने डस्टर खिडकीत आपटलं. खडूची भुकटी खालच्या दुकानाच्या पत्र्यावर उडाली.

"मग आमच्या बाईंना शिकवायचं कोणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली, चुकीच्या उत्तराकडे बघायची तशी. "सर, तुम्ही पास झालात ना? आता तुम्ही शिक्षक आहात."

परतीच्या गाडीत नागोठण्याच्या पुढे बाईंचा मेसेज आला. "भेटल्या का? नवीन बॅच कधीपासून?"

मी लिहिलं, "क्लास बंद झाला. पण इंग्रजी सोमवारपासून शाळेतच करू, सुटल्यावर."

"शिकवणार कोण?"

"मी."

त्या लिहीत असल्याचं बराच वेळ दिसत होतं. मग दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं. कासू स्टेशन गेल्यावर उत्तर आलं.

"दुसरं कोणी मिळणार नाही का?"

प्रश्न रास्त होता. मी "नाही" असं लिहून पाठवलं.